फळं खायची की गोळ्या? शुगर आणि अँटिऑक्सिडंट : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या पत्रांत एक शब्द सारखा सारखा आला, अँटिऑक्सिडंट, म्हणजे फ्री रॅडिकल नावाच्या त्रासदायक रेणूंना शांत करणारा पदार्थ. कोणी गोळ्यांबद्दल विचारलंय, कोणी ज्यूसबद्दल, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात घरात कुणालातरी शुगर आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी, आत्ता फक्त हाच विषय. पत्रं लांब होती, मुद्दा तसाच ठेवून छोटी केलीयेत, आणि नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, आठ वर्षांपासून शुगर आहे. मागच्या वेळी एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) ८.४ आला. त्यांच्या एका मित्राने सांगितलं की शुगरमुळे शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि तेच डोळे नि किडनी खराब करतात, म्हणून आता रोज व्हिटॅमिन ई ४००, व्हिटॅमिन सी १००० आणि सेलेनियमची गोळी चालू केलीये. आता म्हणतात, हे चालू आहे तर डॉक्टरांच्या गोळ्या हळूहळू कमी करू. मला भीती वाटते पण माझं ऐकत नाहीत. खरंच याचा फायदा असतो का?

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि सगळ्यात आधी तेच सांगते. डॉक्टरांनी दिलेली शुगरची एकही गोळी या कारणासाठी कमी करायची नाही. हे वाक्य त्यांना आजच वाचून दाखवा.

आता मित्राचं म्हणणं. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या अर्ध्यावर पटकन विश्वास बसतो. फ्री रॅडिकल म्हणजे असा रेणू ज्यात एक इलेक्ट्रॉन जोडीशिवाय उरलेला असतो, तो शेजारच्या कुठल्याही रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग तो शेजारचा बिघडतो. हे शरीरात रोज होत असतं आणि शरीर ते रोज निस्तरतही असतं. पण रक्तातली साखर जास्त काळ वर राहिली की काही पेशींची पंचाईत होते. डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, किडनीतल्या गाळण्या, नसा, इथल्या पेशींना आत येणारी साखर रोखताच येत नाही, रक्तात जेवढी जास्त तेवढी आत शिरते. मग पेशीतलं मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे ऊर्जा तयार होते ते ठिकाण, तिथे सुपरऑक्साइड नावाचं फ्री रॅडिकल जास्त बनायला लागतं, आणि मायकेल ब्राउनली या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये मांडलं की डोळे, किडनी, नसा बिघडवणाऱ्या वेगवेगळ्या वाटा खरं तर इथूनच फुटतात. वर आणखी एक गोष्ट अशी की जादा साखरेची विल्हेवाट लावताना पेशी तेच इंधन खर्च करते जे तिला तिचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, पुन्हा ताजं करायला लागतं. म्हणजे हल्ला वाढला आणि नेमकं तेव्हाच बचावाचं सामान संपत चाललं. इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातल्या बीटा पेशींकडे तर हे बचावाचे एन्झाइम मुळातच कमी असतात.

इथपर्यंत मित्र बरोबर आहे. आणि याच विचाराने मोठमोठे डॉक्टरसुद्धा एकेकाळी खूप आशेने कामाला लागले होते, की मग बाहेरून अँटिऑक्सिडंट दिलं की झालं. त्यांनी ते नीट तपासून पाहिलं, हजारो लोकांवर, अनेक वर्षं, अर्ध्यांना खरी गोळी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी खोटी.

ब्रिटनमध्ये २०,५३६ लोकांवर एक अभ्यास झाला, हार्ट प्रोटेक्शन स्टडी, निकाल २००२ मध्ये आला. त्यात जवळपास सहा हजार लोक शुगरवाले होते. रोज व्हिटॅमिन ई ६०० मिलिग्रॅम, सी २५० मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन (गाजरातलं केशरी रंगद्रव्य) २० मिलिग्रॅम, पाच वर्षं. रक्तातली व्हिटॅमिन्स छान वाढली, पण हार्ट अटॅक, पॅरालिसिस, मृत्यू, कशातच फरक नाही. त्याआधी २००० मध्ये होप नावाच्या अभ्यासाचा निकाल आला होता, त्यात व्हिटॅमिन ईचा डोस अगदी तुमच्या मिस्टरांचाच होता, रोज ४०० युनिट (हे माप मिलिग्रॅमपेक्षा वेगळं असतं). साडेतीन हजारांहून जास्त लोक शुगरवाले, आणि त्यांच्या हृदयाला किंवा किडनीला काही फायदा दिसला नाही. तो अभ्यास पुढे आणखी चालवला तेव्हा २००५ मध्ये कळलं की ई घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर जास्त झालं.

आणि सेलेनियम. हे मात्र त्यांना नक्की सांगा. अमेरिकेत कॅन्सर टाळण्यासाठी म्हणून लोकांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिलं होतं, आणि २००७ मध्ये त्याच लोकांचा हिशोब पुन्हा काढला तेव्हा दिसलं की सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये नवीन डायबेटिस होण्याचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट होतं. ज्यांच्या रक्तात आधीच सेलेनियम भरपूर होतं त्यांना धोका सगळ्यात जास्त. शरीराला सेलेनियम लागतं, पण अगदी चिमूटभर, ते जेवणातून बहुतेकांना मिळतं. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतं.

मग गोळी का चालत नाही? एक मोठं कारण मला असं दिसतं की ही सगळी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत आहे. सुपरऑक्साइड तयार होतं पेशीच्या आत, मायटोकॉन्ड्रियात, साखर वर असेपर्यंत क्षणाक्षणाला. व्हिटॅमिन ई फिरतं चरबीच्या कणांबरोबर आणि पेशीच्या आवरणात, सी फिरतं पाण्यात, दोन्ही तिथे वेळेवर आणि पुरेसं पोचेलच असं नाही. आणि एक व्हिटॅमिन एकटंच भरमसाट दिलं की बाकीच्या अँटिऑक्सिडंटच्या साखळीशिवाय ते स्वतःच अर्धवट बिघडलेल्या अवस्थेत उरतं आणि उलटं काम करू शकतं. शिवाय फ्री रॅडिकल म्हणजे नुसता शत्रू असंही नाहीये, पेशी एकमेकींना निरोप द्यायला त्यांचा वापर करतात (हे पुढच्या एका पत्रात येतंच).

त्यांच्यासाठी खरं अँटिऑक्सिडंट आहे साखर खाली आणणं. हे मी वाक्य सुंदर दिसावं म्हणून म्हणत नाहीये. ब्रिटनमधल्याच यूकेपीडीएस या अभ्यासात, निकाल १९९८, एका गटाचा सरासरी एचबीए१सी ७.० होता आणि दुसऱ्याचा ७.९, दहा वर्षांत एवढ्याशा फरकाने डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्के कमी झाले. एवढा फायदा डोळे आणि किडनीला कुठल्याही व्हिटॅमिनच्या गोळीने आजवर करून दाखवलेला नाही. आणि ते ज्या गोळ्या कमी करायच्या म्हणतायत त्या नेमक्या हेच काम करतात.

वाद घालू नका, ते आणखी हट्टाला पेटतील. फक्त म्हणा की पुढच्या तपासणीला या तिन्ही बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवूया. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर व्हिटॅमिन ईने रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं. आणि वर्षभरात डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडायला लागली की लघवीत उतरणारं प्रथिन) तपासलं नसेल तर ते करून घ्या, गोळ्यांवरचा खर्च तिकडे वळला तर सोनं होईल.

प्रश्न : मॅडम, मला प्रीडायबेटिस, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर असल्याचं, सांगितलंय. फळांत साखर असते म्हणून मी फळं पूर्ण सोडली, पण अँटिऑक्सिडंट मिळावेत म्हणून सकाळी एक मोठा ग्लास ताजा ज्यूस घेतो, घरीच काढलेला, वरून साखर अजिबात नाही. बरोबर करतोय ना?

उत्तर : दादा, नेमकं उलटं झालंय. ग्लास बंद करा आणि फळ परत ताटात आणा.

ज्यूस काढला की फळाचा चोथा टाकला जातो, आणि तो चोथाच साखरेला हळूहळू रक्तात जाऊ देत होता. शिवाय तीन-चार फळांची साखर दोन मिनिटांत पोटात, चावायचं काम नाही म्हणून पोट भरल्याची जाणीवही नाही. सालीत आणि गरात बांधलेले बरेच पॉलिफेनॉल (वनस्पतींतले अँटिऑक्सिडंट) चोथ्याबरोबर जातात ते वेगळंच, म्हणजे ज्यासाठी तुम्ही ज्यूस घेत होतात तेही पूर्ण मिळत नाही. अमेरिकेत तीन मोठ्या गटांतल्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांच्या आहारावर अनेक वर्षं नजर ठेवली होती, २०१३ मध्ये ते छापून आलं. अख्खी फळं खाणाऱ्यांत, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, डायबेटिस कमी दिसला. ज्यूस जास्त पिणाऱ्यांत जास्त. द्राक्षांचं नाव वाचून मलाही पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं, कारण शुगरवाल्यांना सगळ्यात आधी तीच बंद करायला सांगतात.

आणखी एक अभ्यास मला फार आवडतो कारण त्यात लोकांना फक्त "काय खाता" असं विचारलं नाही, त्यांच्या रक्तात व्हिटॅमिन सी आणि कॅरोटिनॉइड (फळं-भाज्यांतली पिवळी-केशरी-लाल रंगद्रव्यं) किती आहेत ते मोजलं. माणूस सांगताना विसरतो, वाढवून सांगतो, रक्त तसं करत नाही. युरोपातल्या आठ देशांतला हा अभ्यास २०२० मध्ये आला. रोजच्या फळं-भाज्यांत ६६ ग्रॅमची वाढ आणि त्याबरोबर डायबेटिसचा धोका साधारण २५ टक्के कमी, असं नातं त्यात दिसलं. ६६ ग्रॅम म्हणजे किती, तर एका मध्यम सफरचंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. एवढंच!

आता इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. असे अभ्यास नातं दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. जो माणूस भाज्या खातो तो बहुतेकदा चालायलाही जातो, सिगरेटही कमी ओढतो. फळातलं नेमकं काय काम करतं, व्हिटॅमिन सी, चोथा, पोटॅशियम, की फळाने पोट भरलं म्हणून बिस्किटं कमी गेली, हे वेगळं काढता येत नाही, आणि सी किंवा बीटा कॅरोटीन वेगळं काढून गोळीत दिलं तेव्हा डायबेटिस टळला नाही, तेही तपासून झालंय. म्हणून मी म्हणते वेगळं काढायच्या भानगडीत पडूच नका, फळ खा.

तुमच्यासाठी : दिवसाला दोन फळं, एका वेळी एक, मधल्या वेळेत मूठभर दाण्यांबरोबर किंवा जेवणाबरोबर. भाज्यांना मर्यादा घालू नका (बटाटा सोडून), अर्धं ताट भाज्यांचं असू द्या आणि रंग बदलत ठेवा. टोमॅटो शिजवून थोड्या तेलात घेतला तर त्यातलं लायकोपीन हे लाल रंगद्रव्य जास्त अंगी लागतं, गाजर-पालकातल्या कॅरोटिनॉइडनाही थोडं तेल लागतंच, आणि व्हिटॅमिन सी मात्र पाण्यात उतरतं नि उष्णतेने जातं, म्हणून भाजी उकळून पाणी फेकू नका. आणि प्रीडायबेटिस आहे म्हणताय तर ही वेळ सोन्यासारखी आहे. २००२ च्या अमेरिकन अभ्यासात वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं असं ध्येय दिलेल्यांमध्ये डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

प्रश्न : माझं वय २६, आई आणि बाबा दोघांनाही शुगर आहे म्हणून मी आत्तापासूनच जिम लावलीये. ट्रेनर म्हणतो व्यायामाने फ्री रॅडिकल्स वाढतात, म्हणून वर्कआऊटनंतर सी आणि ईची गोळी घे. घेऊ का?

उत्तर : जिम लावलीस हे फार चांगलं केलंस, आणि गोळी नको घेऊ.

ट्रेनरचं निरीक्षण बरोबर आहे, व्यायाम करताना स्नायूंत फ्री रॅडिकल्स वाढतात. पण तो धक्का स्नायूला हवा असतो, तो निरोप आहे की बाबा, काम वाढलंय, तयारी वाढव. त्या निरोपामुळे स्नायू स्वतःचे अँटिऑक्सिडंट एन्झाइम वाढवतो आणि इन्सुलिनचं जास्त ऐकायला लागतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या मायकेल रिस्टो यांच्या गटाने जवळपास चाळीस तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट, अर्ध्यांना खोटी गोळी. खोटी गोळीवाल्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगलं दाद द्यायला लागलं, आणि व्हिटॅमिनवाल्यांमध्ये तो फायदा दिसलाच नाही. नंतरच्या काही छोट्या अभ्यासांत इतका स्पष्ट फरक आला नाही हेही खरं, पण फायदा झाला असंही काही दिसलं नाही, मग तुझ्यासारख्याने, ज्याला आई-बाबा दोघांकडून धोका आलाय आणि जो नेमका इन्सुलिनसाठीच घाम गाळतोय, त्याने हा जुगार का खेळायचा? वर्कआऊटनंतर जेव, फळ खा, त्यातलं सी या डोसच्या जवळपासही जात नाही. आणि वर्षातून एकदा उपाशीपोटी शुगर तपासत जा, पंचविशीतच आहे म्हणून टाळू नको.

प्रश्न : ताई, वय ६३, पंधरा वर्षं शुगर. रात्री तळपायांची आग आग होते, झोप लागत नाही. अल्फा लिपोइक अॅसिड नावाची गोळी अँटिऑक्सिडंट आहे असं ऐकलं. तीही निरुपयोगीच का?

उत्तर : काका, नाही, ही गोष्ट थोडी वेगळी आहे, सगळ्या गोळ्यांना एकाच मापाने मोजायला नको. २००६ मध्ये सिडनी-२ नावाचा अभ्यास आला, त्यात रोज ६०० मिलिग्रॅमने पाच आठवड्यांत आग, टोचल्यासारखं होणं, बधिरपणा यात बऱ्याच लोकांना आराम पडला. जास्त डोसने जास्त फायदा नाही, फक्त मळमळ वाढली. पण २०११ मध्ये चार वर्षांचा अभ्यास आला तेव्हा ज्या मुख्य मोजमापावर निर्णय ठरला होता त्यात ठळक फरक निघाला नाही. म्हणजे त्रास कमी वाटायला काहींना मदत होऊ शकते, पण मूळ नस पूर्ववत होते असं म्हणायला आधार नाही. डॉक्टरांना विचारून काही आठवडे घेऊन बघायला हरकत नाही, आराम नाही पडला तर सोडून द्या. क्वचित, अगदी क्वचित, या औषधाने शुगर एकदम खाली गेल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून न सांगता सुरू करू नका.

त्याआधी मात्र एक करा, मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) चालू असेल तर बी १२ तपासून घ्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी १२ कमी पडू शकतं आणि त्यानेही अशाच मुंग्या नि आग होते, आणि ती कमतरता भरून काढता येते. कुणीतरी आगीवर महागड्या गोळ्या घेत राहतं आणि खरं कारण तसंच राहतं याचं मला फार वाईट वाटतं. रोज रात्री तळवे आरशात बघा, बोटांच्या मधेही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने किंवा दुसऱ्या कुणाकडून पाणी बघून घ्या, बधिर पायाला चटका कळत नाही.

प्रश्न : कॉफी आणि डार्क चॉकलेटमध्ये भरपूर अँटिऑक्सिडंट असतात म्हणे, पाकिटावर आकडाही असतो. शुगर असताना चालेल?

उत्तर : कॉफी चालेल, बिनसाखरेची. कॉफी पिणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबेटिस कमी दिसतो, आणि गंमत म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीतही तसंच दिसतं, म्हणजे काम कॅफिनचं नसून आतल्या पॉलिफेनॉलचं असावं असा अंदाज. चॉकलेटचा एखादा छोटा तुकडा आवड म्हणून खा, औषध म्हणून नको, त्यात साखर आणि चरबी दोन्ही असतात. आणि पाकिटावरच्या आकड्याकडे बघूच नका. तो आकडा परीक्षानळीतला असतो, पोटातला नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची मोठी यादी वेबसाइटवर ठेवली होती, ती २०१२ मध्ये काढून टाकली, कारण त्या आकड्यांचा तब्येतीशी संबंध लावता येत नाही आणि कंपन्या ते जाहिरातीत वापरायला लागल्या होत्या.

प्रश्न : दंडावर ग्लुकोज सेन्सर लावलाय. सर्दी झाली म्हणून चार दिवस व्हिटॅमिन सी १००० घेतेय आणि रीडिंग एकदम वर. सर्दीमुळे की गोळीमुळे?

उत्तर : दोन्ही शक्य आहे. आजारपणात शुगर खरोखर वाढते. पण काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सीची त्याच इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते आणि आकडा खोटाच वर दिसतो, काहींच्या माहितीपत्रकात दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमचं माहितीपत्रक काढून तेवढी ओळ शोधा. तोपर्यंत सेन्सरच्या आकड्यावर इन्सुलिनचा जादा डोस अजिबात घेऊ नका, आकडा खोटा असला तर शुगर धोकादायक खाली जाईल. बोटातून रक्त घेऊन मीटरवर तपासा, आणि आकडे जुळत नसतील किंवा शंका वाटली तर लॅबमधून. गोळी आजच थांबवा, सर्दी तिच्याशिवायही बरी होते. संत्रं खाल्लंत तरी चालेल, एका मध्यम संत्र्यात साधारण ७० मिलिग्रॅम सी असतं, त्याने सेन्सर फसत नाही.